हेल्दी फूडच्या प्रदर्शनात एवढी गर्दी कसली?

प्रश्न : ताई, मी बँकेतून निवृत्त झालो, सुदामानगरात राहतो. इंदूरमध्ये कुठेही ‘हेल्दी फूड’, ‘मिलेट’ किंवा ‘जैविक’ असं प्रदर्शन लागलं की आमची सौ. आणि तिचा भिशीचा ग्रुप हजर. ढक्कनवाला कुआँच्या ग्रामीण हाटात लागलं होतं तेव्हा तर शनिवारी गेल्या आणि रविवारी पुन्हा गेल्या. येताना पिशवीभर पाकिटं, खर्च अठराशे रुपये. आता नाचणीची बिस्किटं, कोदो नावाचं मिलेट (भरडधान्य), कसल्याशा बिया, सगळं डब्यांत पडून आहे. ताटात मात्र तीच पोळी, तीच तुरीची डाळ आणि रविवारी पोहे-जिलबी. लोक या प्रदर्शनांना जातात तरी कशासाठी? ही फॅशनच ना?
– एक वाचक, सुदामानगर

उत्तर : काका, नमस्कार. हे उत्तर कात्रीने कापून सौ.च्या पुढ्यात ठेवायचा बेत असेल तर जरूर ठेवा, पण सगळं ठेवा. वरचं अर्धं नको.

मी कॉलेजात गृहविज्ञान शिकवायचे. निवृत्तीनंतर भाचीच्या बचत गटाच्या स्टॉलवर बसायला लागले. माल त्यांचा, गल्ला त्यांचा, बडबड माझी. भाजणी, नाचणीचं सत्त्व, कोदोची खिचडी, जवसाची चटणी असलं आम्ही विकतो. टेबलाच्या आतल्या बाजूने बघितलं की लगेच लक्षात येतं, विकत घेणारे थोडे आणि विचारणारे फार. भाची सुरुवातीला वैतागायची, ‘मावशी, हे लोक फक्त वेळ खातात.’ मला मात्र वाटतं, प्रदर्शन चालतं ते या विचारणाऱ्यांमुळेच.

त्यातही सगळ्यांत जास्त येतात ते रिपोर्टवाले. नवरा-बायको जोडीने येतात आणि दोघांपैकी एकाच्या मोबाइलमध्ये रक्ताच्या रिपोर्टचा फोटो असतो. डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, मिलेट खा, मैदा बंद, वजन कमी करा. बाहेर रांग लागलेली असताना कोदो कसा शिजवायचा हे डॉक्टर कधी सांगणार? सियागंजात किराणावाल्याला विचारावं तर तो म्हणतो, ‘मॅडम, आधा किलो दूँ कि एक किलो?’ त्याचंही बरोबर आहे, त्याच्या मागे हातगाडी उभी असते. मोबाइलवर शोधावं तर एक बाई म्हणते रात्रभर भिजवा, दुसरी म्हणते अजिबात भिजवू नका. मग तो प्रश्न आमच्या टेबलावर येतो. ‘पानी कितना?’ ‘शिट्या किती?’ ‘सासऱ्यांना कवळी आहे, त्यांना चावेल का?’ हा शेवटचा प्रश्न कुठल्याच पाकिटावर छापलेला नसतो. मी सांगते, कोदो दोन-तीन पाण्यांनी धुवा, अर्धा तास भिजत घाला, वाटीला सव्वादोन वाट्या पाणी, कवळीवाल्यांसाठी अडीच. पहिल्या वेळी निम्मा तांदूळ मिसळा, नाहीतर घरातले ताट सरकवतील. एवढं ऐकून पुष्कळ जण काही न घेताच निघतात. त्यांचं काम झालेलं असतं.

काही प्रश्न भीतीचे असतात. २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीस बांधवगडच्या जंगलात दहा हत्ती मेले आणि कारण म्हणून कोदोचं नाव आलं. पुढे कितीतरी दिवस प्रत्येक दुसरं गिऱ्हाईक विचारायचं, ‘हाथी मरे थे वो यही है ना?’ हो, धान्य तेच. पण त्या उभ्या पिकाला बुरशी लागलेली होती आणि तिचं विष हत्तींच्या पोटात ढिगाने गेलं. आपल्यापुरतं एवढं सांभाळायचं : वाळलेलं, निवडलेलं धान्य घ्यावं. कुबट वास आला किंवा दाणे काळपट दिसले तर स्वस्त मिळालं तरी घेऊ नये. हेही दुकानात बंद पाकिटासमोर कळत नाही. प्रदर्शनात निदान ओंजळीत घेऊन वास घेता येतो.

तुम्ही फॅशन म्हणता. थोडी आहेच. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष जाहीर केलं, त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात ‘श्रीअन्न’ हे नाव आलं आणि तेव्हापासून लग्नाच्या बुफेतही नाचणीच्या डोशाचा काउंटर दिसू लागला. आपल्या मध्य प्रदेशातल्या डिंडोरीच्या, बैगा आदिवासी समाजातल्या लहरीबाईंनी भरडधान्यांचे दीडशेवर वाण जपल्याची बातमी त्याच सुमाराला सगळीकडे झळकली. अजूनही लोक विचारतात, ‘डिंडोरीवाला है क्या?’ पण एक लक्षात घ्या. आपला मालवा मुळात ज्वारीचा. तुमच्या-माझ्या लहानपणी खरिपात इथे मैलोन्‌मैल ज्वारी उभी असायची. १९७० नंतर सोयाबीन आलं, त्याला भाव होता, तेलाचे कारखाने होते; सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्थासुद्धा इंदूरलाच आहे. शेतकऱ्याने पीक बदललं ते शहाणपणानेच बदललं. मात्र त्याबरोबर भाकरी थापणारे हातही एक पिढी रिकामे राहिले. आज माझ्यासमोर चाळिशीची सून उभी राहून विचारते, ‘भाकरी तुटते, काय करू?’ तिच्या सासूलाही ती येत नसते. पाण्याला उकळी आणून त्यात पीठ घाला, झाकण ठेवा, कोमट झालं की मळा, हे सांगायला दोन मिनिटं लागतात. पण सांगणारं माणूस घरात नसेल तर ते प्रदर्शनातच शोधावं लागतं.

आता सौ.ची बाजू घेऊन झाली, थोडं त्यांना लागेल असं बोलते. प्रदर्शनातली सगळ्यांत मोठी गर्दी कुठल्या स्टॉलवर असते माहीत आहे? गोडाच्या. नाचणीचे लाडू, गुळाची कुकी, खजूर बर्फी, बाजरीचा केक. इंदूरचं माणूस सकाळी पोहे-जिलबी खाऊन प्रदर्शनाला येतं आणि तिथे गोड खायची परवानगी मिळवतं. ‘यह तो हेल्दी है ना?’ या प्रश्नाला फक्त ‘हो’ हवं असतं. मी ‘हो’ म्हणत नाही, म्हणून भाची मला त्या टेबलाजवळ बसू देत नाही. शंभर ग्रॅम साखरेत चारशेच्या आसपास कॅलरी, गुळात त्याहून जेमतेम वीस कमी. गुळात थोडं लोह असतं हे खरं, पण लोहासाठी गूळ खायचा झाला तर आधी त्याची साखर पचवावी लागेल. नाचणीचं म्हणाल तर तिच्यात कॅल्शियम भरपूर, शंभर ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास. गव्हाच्या पिठात ते तीस-चाळीसच्या घरात. हा फरक खरा आहे आणि मोठा आहे. पण पिष्टमय पदार्थ दोन्हींत शंभर ग्रॅमला ६५ च्या आसपासच. नाचणीच्या पातळ गोड सत्त्वाने रक्तातली साखर चढायची ती चढतेच. तीच नाचणी भाकरीत, बरोबर मटकीची उसळ आणि काकडी, असं खाल्लं तर सावकाश चढते. तुमच्या घरातल्या नाचणीच्या बिस्किटांचं पाकीट उलटं करून बघा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पहिलं नाव मैद्याचं, दुसरं साखरेचं किंवा तेलाचं असेल, तर नाचणी फक्त चित्रापुरती आहे. तसं असेल तर पाहुण्यांना द्या, चहाबरोबर बरी लागतात.

आणि भिशीचा ग्रुप. काका, हे तुम्हाला कोणी सांगणार नाही म्हणून मी सांगते. साड्यांच्या सेलला निघालं की घरात कुणीतरी विचारतं, ‘पुन्हा?’ सराफ्यात रात्री खायला जायचं म्हटलं की कुणाच्या तरी गुडघ्यांची आठवण काढली जाते. आरोग्याचं प्रदर्शन म्हटलं की कुणी अडवत नाही, उलट येताना जवस आण म्हणतात. चार बायका टेम्पोने हसत जातात, बारा स्टॉलवर चमचा-चमचा चाखतात, कुणाच्या सुनेचं काय आणि कुणाच्या थायरॉइडचं काय हे बोलून होतं. दोन दिवस लागोपाठ गेल्या त्या कोदोसाठी नक्कीच नव्हे. मला हे कारण बाकी सगळ्या कारणांइतकंच चोख वाटतं.

बाकीचे येणारे थोडक्यात. सियागंजातली तरुण पोरं येतात, पाकिटाचे फोटो काढतात, किलोचा भाव विचारतात आणि पुढच्या महिन्यात तसलंच पाकीट बाजारात दिसतं. टिफिन चालवणाऱ्या मुली येतात. लहान खाद्यउद्योगांना कर्ज काढल्यावर प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान देणारी जी केंद्राची योजना २०२० साली निघाली, तिची माहिती कित्येकींना अशा ठिकाणीच शेजारच्या स्टॉलवालीकडून मिळाली. कॉलेजची मुलं फुकट चाखून पोट भरतात, भरू द्या. आणि रामबागेकडच्या आमच्या आज्या येतात. त्या काही घेत नाहीत. भाजणी तळहातावर घेतात, वास घेतात आणि ‘धणे कमी भाजलेत हो’ म्हणून पुढे जातात. दर वेळी बरोबर असतात. एका आजींना मी वरीचे तांदूळ, म्हणजे आपलं इथलं मोरधन, हेही भरडधान्यच असं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘मग जन्मभर एकादशीला मी मिलेटच खात होते की!’ सुनेकडे त्यांनी असं पाहिलं की सुनेने हातातलं पाकीट खाली ठेवलं.

तुमच्या अठराशे रुपयांबद्दल. साधं धान्य, म्हणजे ज्वारी, बाजरी, नाचणी, प्रदर्शनात महागच पडतं, ते आपल्या किराणावाल्याकडून घ्यावं. प्रदर्शनात घ्यायचं ते एरवी मिळत नाही ते : चांगला कोदो-कुटकी, हातसडीचा तांदूळ, ताजी भाजणी, लाकडी घाण्याचं तेल. बाजरीचं पीठ पाकिटात घेऊच नये. बाजरीत स्निग्धांश जास्त असल्याने दळल्यावर आठ-दहा दिवसांत ते कडवट होतं, आणि पाकिटावरची तारीख काही महिन्यांपुढची असते. बाजरी अख्खी घ्या आणि आठवड्यापुरती दळून आणा. निवृत्त माणसाला गिरणीची फेरी ही उत्तम सोय आहे.

आणि तो डब्यातला कोदो. सौ.नी तो एकदा तरी शिजवला असणार असा माझा दाट संशय आहे. पहिल्या घासाला ‘हे काय चिमण्यांचं खाणं’ असं ताटावरून कोण म्हणालं, ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही.

प्रश्न : माझ्या यजमानांची तीन महिन्यांची साखर ६.३ आली आहे. प्रदर्शनातून ‘शुगर फ्री’ म्हणून खजुराचे लाडू आणि ‘हाय फायबर मल्टिग्रेन’ आटा आणला. लाडू रोज एक दिला तर चालेल का? आट्यावर विश्वास ठेवावा का?
– एक वाचक, राजेंद्रनगर

उत्तर : वहिनी, ५.७ ते ६.४ हा मधुमेहाचा उंबरठा. यजमान अजून दाराबाहेर आहेत, म्हणून हीच वेळ महत्त्वाची आहे.

लाडवावर ‘शुगर फ्री’ लिहिलेलं असेल तर लिहिणाऱ्याला नियम माहीत नाही किंवा माहीत असून लिहिलंय. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे शंभर ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमहून जास्त साखर असेल तर तो शब्द वापरता येत नाही. सुक्या खजुराचं निम्म्याहून जास्त वजन साखरेचंच असतं. वरून साखर घातली नाही हे कदाचित खरं असेल, पण स्वादुपिंडाला वरची आणि आतली हा भेद कळत नाही. रोज नको. सणाला, जेवणानंतर, अर्धा. आणि त्या दिवशी भात कमी.

आट्याचं सोपं आहे. ‘हाय फायबर’ म्हणायला शंभर ग्रॅमला किमान सहा ग्रॅम फायबर लागतं. पण साध्या गव्हाच्या न चाळलेल्या पिठातही ते दहा-अकरा ग्रॅम असतंच, म्हणजे तुमच्या चक्कीवरचा गहूसुद्धा ‘हाय फायबर’च. कोंडा चाळून टाकू नका, झालं. ‘मल्टिग्रेन’मध्ये कुठलं धान्य किती टक्के ते मागे छापलेलं असेल तर वाचा, गहू नव्वद टक्के आणि बाकी पाच धान्यं मिळून दहा असलं गणित निघालं तर पुन्हा आणू नका. घरीच पाच किलो गव्हात अर्धा किलो हरभरा आणि अर्धा किलो ज्वारी टाकून दळा. पोळी थोडी जाड होईल, यजमान दोनात उठतील.

आणि डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं चालूच ठेवायचं. तो काही कुठल्या स्टॉलवर मिळणारा माल नाही.

प्रश्न : मावशी, माझे डिंकाचे लाडू आणि उपासाची भाजणी सगळ्यांना आवडते. घरचे म्हणतात हेल्दी फूडच्या प्रदर्शनात स्टॉल लाव. लोक तिथे नेमकं काय बघायला येतात आणि मी काय तयारी करू?
– एक वाचक, लोकमान्यनगर

उत्तर : बाळा, लाव. लोक का येतात ते वर काकांच्या उत्तरात लिहिलंय, त्यातलं तुझ्या कामाचं एवढंच की ते चाखायला आणि विचारायला येतात. म्हणून टेबलावर दोन माणसं हवीत. एकटी बसलीस तर एकजण प्रश्न विचारत असताना पैसे देणारा निघून जातो.

अन्नसुरक्षेची नोंदणी आधी करून घे, चौदा आकडी नंबर मिळतो, तो पाकिटावर छापायचा. बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, निव्वळ वजन, घटक, किंमत, शाकाहारीचं हिरवं चिन्ह आणि तुझा पत्ता, हे सगळं लेबलवर. अक्षर मोठं ठेव. चष्मा घरी विसरून येणाऱ्यांची संख्या या प्रदर्शनांत फार असते आणि वाचता आलं नाही तर ते पाकीट परत ठेवतात.

लेबलवर ‘शुगर बरी होते’, ‘गुडघेदुखीवर रामबाण’ असलं काही लिहू नकोस, तोंडाने बोलूही नकोस. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने मनाई आहे, आणि खाद्यपदार्थाने रोग बरा होतो असा दावा अन्नसुरक्षेच्या नियमांतही चालत नाही. शेजारच्या स्टॉलवर तसला बोर्ड असेल आणि त्याच्याकडे गर्दी दिसेल. दिसू दे. तुझ्याकडे परत येणारं गिऱ्हाईक वेगळं असतं.

लाडू अर्धा किलोच्या डब्यात मांडू नकोस. चार लाडवांचं पाकीट कर, भाजणी २०० ग्रॅमची. नवं माणूस पहिल्यांदा थोडंच घेतं. डिंक तुपात पूर्ण फुलला पाहिजे, मधे कच्चा राहिला तर चाखणारा तिथेच दात धरून उभा राहतो आणि ते दहाजण बघतात. खोबरं कोरडं भाजून घे, नाहीतर पावसाळी हवेत लाडवाला आठवड्यात खवट वास येतो. भाजणीतला प्रत्येक जिन्नस वेगळा भाज. साबुदाणा फुलेपर्यंत, वरी खमंग होईपर्यंत, आणि शेंगदाणे त्यात दळू नकोस, तेल सुटून पीठ टिकत नाही. गिऱ्हाइकाला सांग की कूट ऐनवेळी घाला.

चाखायला लाडू फोडून ठेव, पण भाजणीचं थालीपीठ तिथे थापता आलं तर फार बरं. आयोजकांना आधी विचार, काही ठिकाणी गॅस चालत नाही, विजेची शेगडी चालते. तुपावर थालीपीठ पडलं की चार स्टॉल पलीकडून लोक येतात. उपासाचं असल्याने एकादशी जवळ असेल ते प्रदर्शन निवड. कृतीचे छोटे कागद हिंदी आणि मराठीत छापून घे, प्रत्येक पाकिटाला एक टाच. निम्मी गिऱ्हाइकं मराठी नसतील आणि त्यांनी भाजणी नुसती पाण्यात कालवून पाहिली तर दोष तुझ्या भाजणीला लागेल.

आणि आमच्या रामबागेच्या आज्या तुझ्याकडेही येतील. त्या चुटकीभर तोंडात टाकून जे बोलतील ते वहीत लिहून ठेव.